गाडी मिस मारतेय, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय: भरपूर चाललेल्या गाडीत दोष शोधायचा कसा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी घेतली, मीटरवर १,८०,००० किलोमीटर आहेत. सकाळी चालू केल्यावर आयडलिंगला इंजिन थरथरतं, गरम झालं की बरंचसं शांत होतं. चढावर मात्र झटके देतं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी०३०० आणि पी०३०२ असे दोन कोड आले. चारही प्लग आणि दोन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) बदलली, दोन-तीन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता एक मेकॅनिक इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बदला म्हणतोय, दुसरा म्हणतोय इंजिनच खोलावं लागेल. कोणाचं ऐकायचं?

आत्ता दोघांचंही नको. इंजेक्टर खराब असू शकतो, इंजिन थकलेलंही असू शकतं, पण दोघांपैकी कोणीच काही मोजलेलं दिसत नाही. नवीन गाडीत मी प्लग-कॉइलपासून सुरुवात करून कॉम्प्रेशनपर्यंत (पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो त्यापर्यंत) शेवटी जातो, कारण तिथे कॉम्प्रेशन गेलेलं असण्याची शक्यता कमी. एवढ्या चाललेल्या गाडीत मात्र पुढचा पार्ट विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन मोजायचंच. आत व्हॉल्व्ह गळत असेल तर बाहेरून कितीही नवीन सामान लावा, ते सिलिंडर पेटणार नाही.

त्याआधी दिव्याबद्दल. स्थिर पेटलेला दिवा म्हणजे सवडीने बघा. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर (सिलिंडरमधलं मिश्रण नीट न पेटणं) इतका आहे की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा, सायलेन्सरच्या पाइपातला डबा) खराब होऊ शकतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपात जातं आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तिथलं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या बरंच पुढे गेलं की आतली सिरॅमिकची जाळी वितळून बसते, धुराची वाट बंद होते, आणि मूळ दोष दुरुस्त झाला तरी गाडीला पिकअप राहत नाही. दिवा लुकलुकायला लागला की अॅक्सिलरेटर सोडा, हळू चालवा आणि दोष सापडेपर्यंत ती चढणीची वाट टाळा.

कोडबद्दल मोठा गैरसमज आहे. पी०३०२ आला की लोक कॉइल आणायला धावतात, पण ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ठिणगी दिसत नाही. त्याला फक्त क्रँकशाफ्टचा वेग कळतो. क्रँकच्या दातेरी चक्रासमोर एक सेन्सर असतो आणि तो एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत लागलेला वेळ मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एका सिलिंडरचा धक्का यायला हवा. एखादा धक्का आला नाही की क्रँक तेवढ्यापुरता मंदावतो, आणि ईसीयू पाळी कोणाची होती हे बघून त्या सिलिंडरच्या नावावर नोंद करतो. पी०३०२ चा अर्थ इतकाच: दोन नंबरच्या पाळीला जोर कमी पडला. का पडला, हे कोडमध्ये नाही. पी०३०० म्हणजे नोंदी एकापेक्षा जास्त सिलिंडरांवर आहेत किंवा विखुरलेल्या आहेत. दोन्ही एकत्र आले, म्हणजे दोन नंबर ठळकपणे आजारी आहे, पण बाकीचेही पूर्ण ठणठणीत नाहीत. खूप खराब रस्त्यावर चाकांकडून येणारे हादरेही क्रँकपर्यंत पोचतात आणि कधीकधी खोटा पी०३०० देतात. तुमच्याकडे थरथर प्रत्यक्ष जाणवते, त्यामुळे तो संशय इथे नाही.

आता एक साधी पण महागात पडणारी गोष्ट. दोन नंबरचं सिलिंडर कोणत्या बाजूने दुसरं? बहुतेक इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचं सिलिंडर पहिलं धरतात. रेनो आणि प्यूजोच्या बऱ्याच इंजिनांत मोजणी उलटी, फ्लायव्हीलच्या म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूने सुरू होते. चुकीच्या टोकाकडून मोजलं की चार सिलिंडरमध्ये दोनचं तीन होतं; नवी कॉइल चांगल्या सिलिंडरवर बसते आणि खराब कॉइल शेजारी तशीच राहते. तुमच्या इंजिनाची मोजणी मॅन्युअलमध्ये बघून नवी कॉइल नेमकी कुठे बसवली ते आधी तपासा.

मॅन्युअल नसेल तरी आजारी सिलिंडर हाताने शोधता येतं. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा वायरचा कनेक्टर काढायचा आणि परत लावायचा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच लंगडतं. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, ते आधीपासूनच काम करत नव्हतं. ही चाचणी कॉइलचा कनेक्टर काढून करू नका. कॉइल बंद केली तरी पेट्रोल पडतच राहतं आणि ते सगळं कन्व्हर्टरमध्ये जातं. शिवाय उच्च दाबाच्या विजेचा झटका बसण्याचा आणि कॉइल बिघडण्याचा धोका वेगळाच. चाचणीने नवीन कोड पडतील, ते नंतर पुसून टाकायचे.

यानंतर मी स्कॅनरवर फ्रीझ फ्रेम बघतो. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिनाचं तापमान किती, हे तिथे साठवलेलं असतं, आणि मिसफायर कधी होतो यावर अर्धं निदान अवलंबून आहे. कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये, चढावर जोर मागितल्यावर मिस होत असेल तर आधी ठिणगीवर संशय घ्यावा. सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे कमजोर कॉइल रिकाम्या रस्त्यावर निभावून नेते आणि चढावर उघडी पडते. फक्त आयडलिंगला मिस होऊन रेस केल्यावर साफ होत असेल तर बाहेरची हवा आत शिरतेय का, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का, एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे का, हे बघायचं. बराच वेळ जोरात ओढल्यावर दम तुटत असेल तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा तुंबलेला कन्व्हर्टर. फक्त गरम झाल्यावर त्रास होत असेल तर तापून बंद पडणारी कॉइल किंवा टाइट झालेले टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांतली कमी झालेली फट.

तुमच्या गाडीत दोन वेगवेगळ्या वेळा आहेत: थंड असताना आयडलिंगला, आणि चढावर जोरात. एकाच दोषाने दोन्ही होऊ शकतं. पण एवढ्या चाललेल्या गाडीत मी आधी धरून चालतो की दोष दोन आहेत, आणि एक सापडला म्हणून शोध थांबवत नाही. प्लग बदलल्यावर दोन-तीन दिवस बरं का वाटलं, तेही यात बसतं. नव्या प्लगच्या कडा धारदार आणि फट योग्य असते, ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं, त्यामुळे बाकीचा कमकुवतपणा काही काळ झाकला जातो. शिवाय कोड पुसल्यावर दिवा परत स्थिर पेटायला बहुतेक गाड्यांत तोच दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसावा लागतो. दिवा नव्हता म्हणजे मिसफायर नव्हता असं धरू नका.

ठिणगीची बाजू तपासायला पैसे लागत नाहीत. पार्ट विकत घेण्याऐवजी जागा बदला. दोन नंबरची कॉइल चार नंबरवर, चारची दोनवर; कोड पुसा, मिसफायर येईपर्यंत चालवा. पी०३०४ आला तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग तीन नंबरशी प्लगची अदलाबदल करून बघा. कॉइल आणि प्लग एकाच वेळी एकाच सिलिंडरकडे हलवू नका, नाहीतर दोघांत दोषी कोण ते कळणार नाही. जुन्या पद्धतीची, एका कॉइलवर दोन प्लग चालवणारी गाडी असेल तर एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या असतात. तिथे दोन आणि तीन दोन्हींवर मिसफायर दिसला तर त्यांची कॉइल आणि वायरी बघायच्या.

काढलेला प्लग दिव्याखाली धरून नीट बघा. टोकावरचा रंग सगळेच बघतात: फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी, तेलकट ओलसर काळा म्हणजे ऑइल जळतंय, पेट्रोलचा वास येणारा ओला म्हणजे पेट्रोल पडलं पण पेटलं नाही. माझं लक्ष त्याआधी पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर जातं. तिथे वरपासून खाली, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक करडी रेघ दिसली, ती नखाने खरवडून जात नसली, तर ठिणगी फटीत न उडता बाहेरून त्या रेघेवरून इंजिनाच्या धातूकडे पळतेय. मग कॉइलच्या रबरी नळीत टॉर्च मारून बघा, तिथे त्याच जागी जुळणारा डाग किंवा रेघ सापडते. ही रेघ एकदा पडली की विजेला कायमची वाट मिळते. फक्त प्लग बदलून जुनी नळी परत बसवली तर नव्या प्लगवरही काही दिवसांत तशीच रेघ उमटते. तुमच्याकडे चारही प्लग नवे आणि कॉइल एकच नवी आहे. उरलेल्या तीन नळ्या जुन्याच. पी०३०० चं मूळ तिथे असू शकतं.

प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) ऑइल साचलंय का तेही बघा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा विहिरीचे सील कडक झाले की ऑइल झिरपतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग ठिणगी बाहेरून पळायला लागते. तसं असेल तर आधी गॅस्केट, मग नळ्या. उलट क्रमाने केलं तर नळ्यांचे पैसे वाया. नवे प्लग कंपनीने सांगितलेल्याच नंबरचे आहेत का आणि फट बरोबर आहे का, हेही एकदा ताडून घ्या. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. इरिडियम प्लगची फट जाड गेज दाबून वाढवू नका, त्याचं टोक बारीक असतं आणि तुटतं.

आता हवा आणि पेट्रोल. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा) बघताना एक आकडा वाचून निष्कर्ष काढू नका. आयडलिंगला एकदा आणि २,५०० आरपीएमला एकदा वाचा. थोड्या वेळासाठीची आणि दीर्घकाळाची ट्रिम मिळून आयडलिंगला अधिक २० टक्क्यांच्या आसपास आणि रेस केल्यावर शून्याजवळ येत असेल, तर थ्रॉटलनंतर (हवा आत सोडणाऱ्या झडपेनंतर) कुठूनतरी बाहेरची हवा शिरतेय. आयडलिंगला एकूण हवाच कमी, त्यामुळे चोरवाटेने आलेल्या हवेचा हिस्सा मोठा. रेस केली की तो नगण्य होतो. उलट आयडलिंगला ठीक आणि जोर मागितल्यावर वाढत असेल तर पेट्रोलचा दाब कमी पडतोय किंवा एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) मळला आहे. ज्या गाड्यांत एअरफ्लो सेन्सरऐवजी फक्त मॅप सेन्सर (हवेच्या वाटेतला दाब मोजणारा) असतो तिथे हे गणित इतकं स्वच्छ दिसत नाही. चोरून आलेली हवाही मॅप सेन्सर मोजतो, त्यामुळे ट्रिमपेक्षा वाढलेलं आयडलिंग हाच सुगावा असतो. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी माहीत करून घ्या.

इथे एक सापळा आहे आणि तुम्हाला इंजेक्टर सुचवणारा बहुधा त्यात अडकला असावा. सिलिंडरमध्ये मिश्रण पेटलंच नाही तर त्यातला ऑक्सिजनही न वापरला जाता बाहेर जातो. ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखतो, शेजारून गेलेलं कच्चं पेट्रोल त्याला दिसत नाही. तो सांगतो मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो, ट्रिम अधिक दिसते, आणि माणूस म्हणतो इंजेक्टर तुंबलाय. खरा दोष ठिणगीचा किंवा कॉम्प्रेशनचा असतानाही ट्रिम अशीच दिसते. मिसफायर चालू असलेल्या इंजिनाच्या ट्रिमवरून इंजेक्टरला दोष देऊ नये.

थंड असताना थरथर आणि गरम झाल्यावर शांत, याचं जुन्या गाड्यांतलं एक हमखास कारण म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या सांध्यातलं पॅकिंग). वर्षानुवर्षं तापून-निवून रबर कडक होतं, आकसतं. थंड इंजिनात फट राहते, गरम झाल्यावर सगळं फुगून ती मिटते. म्हणून हवेची गळती सकाळी, इंजिन थंड असतानाच शोधायची. दुपारी गरम गाडी गॅरेजात नेली तर काहीच सापडणार नाही. सगळ्यांत चांगली पद्धत धुराची: इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते टॉर्चने बघायचं. इनटेकवर कार्ब क्लीनर फवारून आयडलिंग बदलतं का बघण्याची जुनी युक्ती चालते, पण तो द्रव पेट घेतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपास किंवा ठिणगी बाहेर पळत असलेल्या इंजिनावर ती करू नका. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या खालच्या भागातले वायू इनटेकमध्ये नेणारा) पाइप, इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंग या तीन जागा नक्की तपासा. गळती दोन नंबरच्या वाटेजवळ असेल तर त्याच एका सिलिंडरला जास्त भोगावं लागतं.

इंजेक्टरकडे जायचंच असेल तर तेही बदलण्याआधी तपासून. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर, मूठ कानाला; चारही टकटक सारखी ऐकू यायला हवी. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात, केस, कपडे लांब ठेवा. मग कनेक्टर काढून मल्टिमीटरने रोध मोजा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल इनटेकमध्ये फवारणाऱ्या) बऱ्याच इंजेक्टरांत तो १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो, पण एका आकड्यापेक्षा चौघांत सारखेपणा महत्त्वाचा. कनेक्टरचं प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होतं, पिना सैल होतात. इंजिन चालू असताना वायर हलक्या हाताने हलवून बघा, मिसिंग येतं-जातं का. हे सगळं ठीक असेल तर दोन आणि चार नंबरच्या इंजेक्टरांची अदलाबदल करा, ओ-रिंग नव्या घाला. रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब आधी उतरवायचा. डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) गाडी असेल तर हे घरी अजिबात करू नका, तिथल्या रेलमध्ये दाब शंभर-दोनशे बार, काही गाड्यांत त्याहूनही जास्त असतो. त्या गाड्यांत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साचतो आणि थंड आयडलिंगची थरथर त्यानेही येते. तिथे पेट्रोल इनटेकमध्ये फवारलं जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतला जात नाही.

आता कॉम्प्रेशन. चाचणी सोपी आहे, पण अर्धवट केली तर आकडे खोटे येतात. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढायचे, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकच प्लग काढून मोजलं तर इंजिन हळू फिरतं आणि आकडा कमी येतो. थ्रॉटल बंद राहिला तर आत हवाच जात नाही. प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे द्यायचे, गेज पाच-सहा वेळा उडेपर्यंत. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत १५० ते २०० पीएसआयच्या आसपास आकडे येतात, पण तुमच्या इंजिनाचा खरा आकडा मॅन्युअलमधला. मी आधी चौघांतला फरक बघतो. सगळ्यांत कमी आकडा सगळ्यांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला तर तिथे दोष आहे. चारही थोडे कमी पण सारखे असतील तर इंजिन वयाप्रमाणे झिजलंय, एकट्या दोन नंबरच्या मिसफायरचं ते कारण नाही.

गेजचा पहिला उडीचा आकडाही लक्षात ठेवा. पहिल्या फेऱ्याला कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या), पहिल्यापासून कमी आणि शेवटपर्यंत कमीच राहिला तर व्हॉल्व्ह, असा अंदाज बांधता येतो. नक्की करायला कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. ऑइल रिंगभोवती पसरून फट बुजवतं. आकडा बराच वाढला तर रिंग झिजल्या किंवा अडकल्या आहेत. वाढलाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारची दोन सिलिंडरं एकदम कमी आली तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालं असण्याची शक्यता मोठी. नेहमी इंजिन गरम करून मोजतात; तुमची तक्रार थंडीतली आहे म्हणून सकाळी थंड असतानाही एकदा मोजा.

दोन नंबरचा आकडा कमी आलाच तर लीक-डाउन चाचणी करून घ्या. तो पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि किती टक्के गळते ते मोजतात. क्रँकला लावलेला पाना आधी काढायचा, हवेच्या दाबाने क्रँक फिरला तर तो हातावर बसतो. मग गॅरेजातला आवाज बंद करून ऐकायचं. थ्रॉटलच्या तोंडाशी फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या टोकाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग. थोडी सगळ्याच जुन्या इंजिनांत येते. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. इतकं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही, आणि ती न करता हेड उघडणाऱ्याला मी माझी गाडी देणार नाही.

गाडी आधी सीएनजी किंवा एलपीजीवर चालली होती का, हे जरूर शोधा. किट काढून टाकलं तरी मॅनिफोल्डवर भोकं बुजवल्याच्या खुणा राहतात. गॅसवर बरीच वर्षं चाललेल्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजून व्हॉल्व्ह आत सरकतो आणि टॅपेटची फट वाढण्याऐवजी कमी होते. आवाज येत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. एक दिवस फट संपते, गरम इंजिनात व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही, गळतो आणि जळतो. वेळीच सापडलं तर फट लावून भागतं. तुमचं लक्षण थंडीतलं असल्याने हा पहिला संशय नाही, पण कव्हर उघडाल तेव्हा फिलर गेज घालून बघाच.

थंडीतल्या लक्षणाला आणखी एक वाईट कारण असतं: रात्रभरात सिलिंडरमध्ये झिरपलेलं कूलंट. सकाळी पहिली काही सेकंदं एक सिलिंडर लंगडतं, पांढरा धूर निघतो, मग सगळं ठीक. टाकीतली पातळी महिन्याभरात थोडी थोडी उतरते का बघा. संशय असेल तर रात्री थंड रेडिएटरवर हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाएवढा दाब देऊन ठेवायचा, सकाळी प्लग काढून स्टार्टर मारायचा. कॉइलचे कनेक्टर काढलेले हवेत आणि समोर कोणी उभं राहू नये. एखाद्या भोकातून ओला फवारा उडाला तर शोध संपला. छोटा कॅमेरा आत घालून बघितलं तर गळणाऱ्या सिलिंडरच्या पिस्टनचा माथा शेजाऱ्यांपेक्षा स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा दिसतो. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावून केलेल्या चाचणीत तो पिवळा पडला तर जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय.

बाकीची कारणं थोडक्यात. टायमिंग चेन ताणली असेल तर पी००१६ सारखा कॅम-क्रँकचा कोड सोबत येतो आणि त्रास एका सिलिंडरपुरता राहत नाही. व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली किंवा कॅमचा उंचवटा झिजला तर कॉम्प्रेशन बरं येऊनही मिस होतो. हे व्हॉल्व्ह कव्हर काढल्याशिवाय कळत नाही. आणि इंजिन माउंट तुटलेलं असेल तर चांगलं इंजिनही थरथरतं, पण त्याने मिसफायरचा कोड पडत नाही.

गाडी तुम्ही दुसऱ्याकडून घेतली आहे, म्हणजे आधीच्या मालकाने काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. विकण्याआधी कोड पुसले असतील. गाडी घेताना स्कॅनर लावला असता तर रेडिनेस मॉनिटर (कोड पुसल्यावर गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणाऱ्या नोंदी) अपूर्ण दिसले असते, आणि तेवढ्यावरून शंका घेता आली असती. ऑइल जाड घालून आवाज आणि धूर दाबलेला असू शकतो. मॅनिफोल्डच्या बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर तिथे कोणीतरी आधीच हात घातलाय. हे सगळं विचारून कळत नाही, बघून कळतं.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा धरा. सिलिंडरची मोजणी आणि नव्या कॉइलची जागा आज तपासा. मग दोन-चारची कॉइल अदलाबदल, विहिरीत ऑइल आणि नळ्यांवर रेघा. एके सकाळी थंड इंजिनावर धुराची चाचणी. त्याच आठवड्यात कॉम्प्रेशन, कोरडं आणि गरज पडली तर ओलं (ऑइल घालून). या सगळ्यातून दोन नंबर निर्दोष सुटला तरच इंजेक्टर, तोही आधी अदलाबदल करून. आणि इंजिन खोलण्याबद्दल: एक सिलिंडर कमी, ऑइल घालून वाढत नाही, लीक-डाउनला सायलेन्सरमधून हवा येते, तर फक्त हेड उतरवून व्हॉल्व्हचं काम करायचं, खालच्या भागाला हात लावायचा नाही. रिंगचा दोष निघाला, तरी ऑइल किती जळतंय ते हजार किलोमीटर चालवून मोजा आणि मग ठरवा.

कॉम्प्रेशनचे चारही आकडे आणि दोन्ही वेळच्या ट्रिम हाती आल्या की कळवा. सोबत इंजिनाचा प्रकार, पोर्ट इंजेक्शन की डायरेक्ट, आणि मॅप सेन्सर की एअरफ्लो सेन्सर, हेही लिहा.